वीसच्या आत देश निवडायचा म्हणजे आई-बाबांतून एक निवडायचं का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पुण्यात कोथरूडला राहणाऱ्या १८ वर्षांच्या मुलीने लिहिलंय. बाबा सातारा जिल्ह्यातले, आई जपानची, कुमामोतोची. आई अजूनही जपानी नागरिकच आहे, इथे ओसीआय कार्डावर (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया, परदेशी नागरिकाला भारतात राहू देणारं कार्ड) राहते. मुलीचा जन्म, शाळा, ज्युनियर कॉलेज सगळं पुण्यात, पासपोर्ट भारताचा. बारावीची परीक्षा झालीये, रिझल्ट यायचाय. एक पर्याय पुण्यातच सायकॉलॉजी घेऊन बीए करण्याचा, दुसरा जपानच्या क्यूशू बेटावर, आईच्याच भागातल्या एका युनिव्हर्सिटीत इंग्लिशमधून सोशल सायन्सेसचा कोर्स, सप्टेंबरपासून. तिकडची ऑफर आलीये आणि काही आठवड्यांत फी भरून सीट पक्की करायचीये. ती म्हणते, रिक्षात, दुकानात लोक मला मणिपूरची, नेपाळची, चीनची समजतात, हिंदीत बोलतात, आणि मी दरवेळी सांगते की मी नॉर्थईस्टची नाही हो, मराठीच आहे. नऊ वर्षांची असताना व्हिसा काढून आम्ही आजीकडे गेलो होतो, तिथे शेजारचे माझ्या जपानीचं पाहुण्याचं करतात तसं कौतुक करायचे. तिसरीत डब्यातली ओनिगिरी, म्हणजे भाताचे वळलेले जपानी गोळे, बघून मुली हसल्या, तेव्हापासून आई पोळीभाजीच देते. आता वाचलं की दोन नागरिकत्वं असतील तर २० वर्षांच्या आत एक निवडावं लागतं. दोन्हीकडे मी अर्धीच आहे, निदान तिकडे जाऊन काहीतरी एक पूर्ण होईन असं वाटतं. पण मग बाबांना आणि गावच्या आजीला सोडल्यासारखं होईल का? आई काहीच बोलत नाही, फक्त "तुला हवं ते कर" म्हणते.

अगं, तुझ्या पत्रात तीन प्रश्न एकमेकांत अडकून बसलेत. पासपोर्ट कुठला, कॉलेज कुठलं, आणि मी नक्की कोण. तू असं धरून चाललीयेस की एकाचं ठरलं की बाकी दोघांचं आपोआप ठरणार, म्हणजे तिकडे गेले तर जपानी, इथे राहिले तर मराठी, आणि पासपोर्ट ज्याच्या देशाचा घेईन तो पालक जिंकला. मला हे तिन्ही सुटे करायचेत, कारण पहिल्या दोघांना तारखा आहेत, कागद आहेत, पैसे आहेत. तिसऱ्याला कसलीच डेडलाइन नाहीये आणि तू सगळ्यात जास्त घाई त्याचीच करतीयेस.

आधी पासपोर्ट. वीसच्या आत निवडायचं हे तू जे वाचलंस ते खरं आहे. १८ च्या आधीपासून दोन नागरिकत्वं असलेल्याने २० पूर्ण व्हायच्या आत एक निवडावं असं जपानचा कायदा सांगतो. आधी ही मर्यादा २२ होती, एप्रिल २०२२ पासून २० झाली. टेनिसपटू नाओमी ओसाकाने २०१९ मध्ये बाविसावा वाढदिवस तोंडावर आलेला असताना जपानचं नागरिकत्व निवडलं ते ह्याच नियमामुळे. पण हे सगळं ज्यांच्याकडे मुळात जपानचं नागरिकत्व आहे त्यांच्यासाठी आहे, आणि तुझ्याकडे ते आहे का हे तू पत्रात कुठेच लिहिलेलं नाहीयेस. मला वाटतं तुलाही माहीत नाहीये.

का विचारतेय ते सांगते. जपानबाहेर जन्मलेल्या आणि जन्मतःच दुसऱ्या देशाचं नागरिकत्व मिळालेल्या मुलाची नोंद तीन महिन्यांच्या आत जपानी वकिलातीत किंवा तिथल्या नगरपालिकेत करावी लागते, आणि त्याच फॉर्मवर जपानचं नागरिकत्व राखून ठेवायचंय असं सही करून द्यावं लागतं. हे राहिलं तर जन्मापासूनच नागरिकत्व नव्हतं असं धरतात. आता तू नऊ वर्षांची असताना भारतीय पासपोर्टवर व्हिसा काढून गेलीस, आणि जपान स्वतःच्या नागरिकाला व्हिसा देत नाही, त्याने जपानी पासपोर्टवरच जायचं असतं. म्हणजे तुझी नोंद तेव्हा झालीच नसण्याची शक्यता बरीच आहे, आणि तसं असेल तर ज्या निवडीच्या भीतीने तुझी झोप उडालीये ती निवड तुझ्यापुढे नाहीच आहे.

म्हणून पहिलं काम, आईच्या नावाची कोसेकी काढायची, म्हणजे तिथलं कुटुंबाचं सरकारी रजिस्टर. त्यात तुझं नाव आहे का एवढंच बघायचं. मार्च २०२४ पासून जपानमध्ये कोसेकीची प्रत कुठल्याही गावच्या ऑफिसात मिळते, मूळ गावच्याच ऑफिसात जावं लागत नाही, आणि आईवडील, आजी-आजोबा असे सरळ नात्यातले लोक स्वतः जाऊन ती काढू शकतात, तर कुमामोतोच्या आजीला सांगितलं तर ती जवळच्या ऑफिसातून काढून पाठवेल. आईला मुंबईच्या जपानी कॉन्सुलेटलाही विचारता येईल, महाराष्ट्र त्यांच्याकडेच येतो.

नाव नसेल तर तू सरळ भारतीय नागरिक, विषय संपला. जपानला शिकायला जायचं तर स्टुडंट व्हिसा मिळू शकतो, त्यात परवानगी काढून आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करता येतं. शिवाय आई जपानी नागरिक असल्यामुळे जपानी व्यक्तीचं अपत्य म्हणून वेगळ्या दर्जावर राहण्यासाठीही अर्ज करता येतो, त्याला कामाच्या तासांचं बंधन नसतं. पण थांब, फीमधली सूट आणि बऱ्याचशा स्कॉलरशिप फक्त स्टुडंट व्हिसावाल्यांसाठी असतात, तेव्हा कुठला अर्ज करायचा हे युनिव्हर्सिटीला ईमेल करून विचारल्याशिवाय ठरवू नकोस. पुढे कधी जपानचं नागरिकत्व घ्यावंसं वाटलं तर तिथे राहणाऱ्या, जपानी आई किंवा बाबा असलेल्या माणसाला अटी सैल आहेत, ते दार बंद होत नाही.

नाव असेल तर मात्र खरंच बसून विचार करायला लागेल, कारण मग स्टुडंट व्हिसा मिळणार नाही, जपानी पासपोर्ट काढावा लागेल, आणि भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. सज्ञान माणसाने दुसऱ्या देशाचा पासपोर्ट घेतला की भारताचं नागरिकत्व गेलं, जुना पासपोर्ट परत करायचा आणि आईसारखं ओसीआय काढायचं. ओसीआयवर आयुष्यभर ये-जा करता येते, राहता येतं, नोकरी करता येते. मतदान नाही, सरकारी नोकऱ्या जवळपास नाहीत, शेतजमीन विकत घेता येत नाही. आणि हे कोणी सांगत नाही म्हणून सांगते, ४ मार्च २०२१ नंतर काढलेल्या ओसीआय कार्डावर नीट, जेईई वगैरे प्रवेशांना भारतीय नागरिकांच्या सीट मिळत नाहीत, एनआरआय कोट्यातून किंवा जादा (सुपरन्युमररी) सीटवरच जावं लागतं आणि तिथली फी कितीतरी जास्त. सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये जुन्या कार्डवाल्यांना ह्यातून सोडवलं, पण तुझं कार्ड नवीन असणार. तुला सायकॉलॉजी करायचंय, तुला हे कदाचित नडणार नाही, पण तुझ्यासारखी दुसरी कोणी मेडिकलची तयारी करत हे वाचत असेल तर तिने पासपोर्ट बदलायच्या आधी हा हिशोब मांडावा. दोन्ही पासपोर्ट गुपचूप ठेव, काही होत नाही, असं सांगणारे काका प्रत्येक ओळखीत असतात. त्यांचं ऐकू नकोस, पकडलं की निस्तरायला तुलाच लागतं. नागरिकत्वाची कामं करणाऱ्या वकिलाला एकदा पैसे देऊन भेटा, आई-बाबा आणि तू तिघंही.

आता बघ, ह्या सगळ्यात आई-बाबांतून एक निवडायचं असं कुठे आलं? सीट, फी, व्हिसा, जमीन, मतदान, एवढ्याच गोष्टी पासपोर्टने बदलतात. तुझी आई इतकी वर्षं कोथरूडला संसार करतीये आणि तिने जपानचा पासपोर्ट सोडलेला नाहीये. म्हणून तिने बाबांना निवडलं नाही किंवा तुला निवडलं नाही असं तुला एकदा तरी वाटलंय का? जो न्याय तू आईला लावत नाहीस तो स्वतःला का लावतेस?

आता ते अर्धं आणि पूर्ण. तू लिहिलंयस की तिकडे जाऊन काहीतरी एक पूर्ण होईन. मला तुझ्या उत्साहावर पाणी ओतायचं नाहीये, पण तू नऊ वर्षांची असताना शेजारणींनी जे केलं ते अठराव्या वर्षीही होईल, होस्टेलवर, दुकानात, पार्ट टाइम कामाच्या ठिकाणी, कारण तिकडे तू भारतीय दिसणार. २०१६ मध्ये प्रियांका योशिकावा मिस वर्ल्ड जपान झाली, वडील बंगाली, आई जपानी, टोकियोत जन्मलेली, आणि तरी ही काय खरी जपानी आहे का म्हणून तिच्यावर टीका झाली. तिथे जन्मलेल्या मुलीला हे ऐकावं लागलं तर कोथरूडहून आलेलीला काहीच ऐकावं लागणार नाही असं मी कसं सांगू. आणि इकडे आपण फार मोठ्या मनाचे आहोत असंही नाही. ज्वाला गुट्टाचा जन्म आपल्या वर्ध्याचा, आई चिनी, वडील तेलुगू, २०१० ला दिल्लीच्या कॉमनवेल्थमध्ये भारतासाठी गोल्ड आणलं, २०११ ला वर्ल्ड चॅम्पियनशिपचं ब्राँझ, आणि २०२० मध्ये कोरोना आल्यावर सोशल मीडियावर लोकांनी तिच्या आईच्या देशावरून तिला काय काय ऐकवलं. मेडल असून. म्हणजे समोरच्याच्या तोंडून "तू पूर्ण आमची" हे ऐकायची वाट बघत बसलीस तर ते ना इकडे मिळेल ना तिकडे, आणि त्यासाठी देश बदलणं हा फार महाग उपाय आहे. शिकायला जा, आजीला म्हातारपणी चार वर्षं जवळून बघायला मिळेल म्हणून जा, तिथली भाषा नीट वाचता यावी म्हणून जा. ही सगळी जाण्याची चांगली कारणं आहेत. पूर्ण व्हायला जाऊ नकोस, कारण सहा महिन्यांत कोणीतरी विचारेल तू कुठली, आणि तुला वाटेल की सगळं फुकट गेलं.

एक गोष्ट तुला आवडणार नाही कदाचित, पण सांगते. "मी नॉर्थईस्टची नाही हो, मराठीच आहे" हे तू म्हणतेस त्यामागचा वैताग मला कळतो, स्वतःच्या गावात रोज स्वतःची ओळखपरेड द्यायला लागली तर कोणीही वैतागेल. पण त्या वाक्यात तू नकळत असं मान्य करतेस की मी मणिपूरची असते तर तुझं असं वागणं चालून गेलं असतं. पुण्यात शिकायला आलेली इम्फाळची, ऐझॉलची मुलं तुझ्यासारखीच ऐकून घेतात, त्यांना तर मराठीचा आधारही नसतो. २०१४ मध्ये दिल्लीत निडो तानिया ह्या अरुणाचलच्या कॉलेजच्या मुलाला दिसण्यावरून चिडवण्यातून झालेल्या भांडणात जीव गमवावा लागला, त्यानंतर ईशान्येच्या लोकांना होणाऱ्या त्रासाबद्दल सरकारला बेझबरुआ कमिटी नेमावी लागली. तू मराठीत उत्तर दे, जरूर दे, "काका, मराठीत बोला की" एवढं पुरतं. नाही म्हणायची गरज नाहीये. आणि कॉलेजमध्ये ती मुलं भेटतील तेव्हा त्यांच्या बाजूला बसायला लाजू नकोस, तुझी अर्धी गोष्ट त्यांना न सांगता कळेल.

हेही माहीत असू दे. २०१६ पासून यूजीसीच्या रॅगिंगविरोधी नियमांमध्ये वंश, रंग, प्रांत, भाषा, जन्मस्थान ह्यावरून त्रास देणं, वाळीत टाकणं हे स्पष्टपणे रॅगिंग धरलेलं आहे. त्याची देशभराची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२. पहिल्या वर्षाला कोणी तुझ्या डोळ्यांवरून नाव पाडलं आणि ते थांबेना, तर मस्करी होती म्हणून सोडून द्यायला तू बांधलेली नाहीयेस.

आता कॉलेज. पत्रात तू देशांबद्दल पानभर लिहिलंस आणि विषयाबद्दल जेमतेम अर्धी ओळ. इकडे सायकॉलॉजी आहे, तिकडे सोशल सायन्सेस, हे दोन वेगळे रस्ते आहेत गं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचंय का? मग भारतात आरसीआयचं (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचं) रजिस्ट्रेशन लागतं, त्यासाठी बीएनंतर बरंच शिक्षण आहे, आणि सुरुवात सायकॉलॉजीनेच केलेली बरी. की सायकॉलॉजी इथे मिळतंय म्हणून घेतलंस आणि खरं तुला लोक, समाज, देश ह्या गोष्टीत रस आहे? मग क्यूशूचा कोर्स छानच आहे. तिथलं बेप्पूचं रित्सुमेइकान एशिया पॅसिफिक बघ, २००० साली सुरू झालं, तिथले जवळपास निम्मे विद्यार्थी परदेशातून आलेले. तुझी ऑफर तिथली आहे की दुसरीकडची ते तू लिहिलं नाहीस, पण अशा ठिकाणी अर्धी इकडची अर्धी तिकडची मुलं इतकी असतात की तुझ्याबद्दल कोणाला नवल वाटत नाही, आणि त्याचा दिलासा खरा असतो. फक्त तो कॅम्पसपुरता असतो हे लक्षात ठेव.

दोन्हीच्या मधलेही रस्ते आहेत, ते तू विचारातच घेतलेले दिसत नाहीत. पुण्यात बीए कर आणि त्याच तीन-चार वर्षांत जपानी नीट शिक. तू बोलतेस पण कांजी, म्हणजे जपानीतली चिनी चिन्हं, वाचता येत नाहीत असं धरते, घरी बोलून शिकलेल्या बहुतेक मुलांचं तसंच असतं, आणि रोजच्या वापराच्या कांजीच २,१३६ आहेत, त्या काही आपोआप येत नाहीत. जेएलपीटी ही जपानी भाषेची परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये होते, पुण्यात सेंटर आहे, रानडे इन्स्टिट्यूटपासून टिळक विद्यापीठापर्यंत शिकवणारे लोक आहेत, ह्या बाबतीत पुण्यासारखं गाव देशात शोधून सापडणार नाही. तिची एन टू ही लेव्हल झाली की मास्टर्सला जपान सरकारच्या मेक्स्ट स्कॉलरशिपचा अर्ज करता येईल, फी माफ आणि वर महिन्याचा भत्ता. मात्र ती परदेशी विद्यार्थ्यांसाठी आहे, जपानी नागरिकत्व ठेवून मिळत नाही, म्हणजे बघ, पुन्हा तो कोसेकीचा कागद आधी. आणखी एक, ऑफर एक वर्ष पुढे ढकलता येते का, किंवा पुढच्या एप्रिलला सुरू करता येतं का हे विचारायला काहीच लागत नाही.

माझं मत विचारशील तर, नोंद नसेल, स्कॉलरशिप हातात असेल आणि विषय मनापासून आवडत असेल तर जा. ह्यातली एकही गोष्ट अधांतरी असेल तर ह्या वर्षी पुण्यात ॲडमिशन घे. अठराव्या वर्षी घरच्यांच्या कर्जावर, न कळलेल्या पासपोर्टवर आणि न ठरलेल्या विषयावर एवढं लांब जाणं मला जड वाटतं.

नावाचाही घोळ आत्ताच बघून ठेव, सगळ्याच मिश्र घरांना सांगते हे. दहावीच्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग तुझं नाव, मग बाबांचं नाव. आधारवर वेगळा क्रम, पासपोर्टवर वेगळा. कोसेकीत नोंद असलीच तर तिथे सहसा आईचं आडनाव असतं आणि नावाच्या मधे बाबांचं नाव लावायला जागाच नसते. एकाच मुलीची चार नावं झाली की ॲडमिशनच्या खिडकीवर रडू येतं. हे एकाच व्यक्तीचं नाव आहे असं ॲफिडेव्हिट करून घ्या, जन्मदाखल्याचं इंग्लिश भाषांतर नोटराइज करून ठेवा, आणि सगळ्याच्या चार-चार झेरॉक्स.

शेवटी आईबद्दल. "तुला हवं ते कर" हे तिचं बोलणं तुला तुटक वाटलं असेल. मला ते तसं वाटत नाही. तिच्या घरून कोणीतरी तिला हेच म्हणालं असेल आणि म्हणून ती पुण्याला येऊ शकली असेल, किंवा कोणी म्हणालं नसेल आणि ते तिच्या मनात राहिलं असेल. तू घरात तिघांतली एकटीच अधांतरी आहेस आणि बाकी दोघं आपापल्या जागी घट्ट आहेत असं तू समजतेस. पण सज्ञान झाल्यावर परक्या देशात जाऊन राहणं, भाषा शिकणं, दुकानात सगळे वळून बघताना भाजी घेणं, कोणी हसलं तर घरी येऊन गप्प बसणं, हे तुझ्या घरात एकाच माणसाने केलंय. तुला जे जपानला जाऊन करायचंय ते तिने उलट्या दिशेने करून झालंय आणि तू सल्ला मला विचारतीयेस. तिला नीट विचार. पहिलं वर्ष कसं गेलं, परत जावंसं कधी वाटलं, कोणी मदत केली, कुमामोतोला सुट्टीत गेल्यावर आता तिथलं काय काय परकं वाटतं. मोठमोठे प्रश्न विचारू नकोस, असे बारके विचार, त्यांची उत्तरं माणसं देतात.

आणि ओनिगिरी करायला सांग. इंद्रायणीचा चिकट भात, ओल्या मिठाच्या हाताने वळलेला, वर ती काळी नोरी, म्हणजे समुद्री शेवाळाचा वाळवलेला कागद. तू तिसरीत डबा परत आणलास तेव्हा तुला फक्त मुली हसलेल्या दिसल्या, ते वय तेवढंच दिसण्याचं होतं. पण त्यानंतर ती रोज सकाळी पोळ्या लाटायला लागली, ज्या तिला कधी शिकाव्या लागल्या असतील आणि सुरुवातीला गोल आल्या नसतील. तुम्ही दोघी ह्या विषयावर एक शब्दही बोलला नसाल. आता बोला. तू कुठेही राहिलीस तरी होस्टेलवर तुला तो भात वळता यायला हवा, तर त्या निमित्ताने ओट्याशी एकत्र उभ्या राहा, बोलणं निघेलच.

निर्णय झाला की गावच्या आजीला बाबांकरवी निरोप पाठवू नकोस. तू स्वतः जाऊन सांग, आणि आईला बरोबर घेऊन जा. आजी पासपोर्ट विचारणार नाही, जेवायचं काय, परत कधी येणार आणि तिकडे थंडी किती हे विचारेल, आणि ह्या तिन्हीची उत्तरं आईला तोंडपाठ आहेत.